दोन डोंगरांमधला सूर्य

शालेय चित्रकला स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना एक अनुभव हमखास येतो. विषय ‘देखावा’ असा दिलेला असला, की बहुतेक कागदांवर एकच चित्र उतरते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून डोकावणारा आणि काड्यांसारखी किरणे फेकणारा सूर्य, तेथूनच निघून पुढे रुंद होत जाणारी निळी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, झोपडीशेजारी कललेला माड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. रंग बदलतात, देखावा बदलत नाही. ज्याच्या मुलखात माड औषधालाही सापडत नाही तो उदगीरचा मुलगा माड काढतो. रोज संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना पाहणारा वेंगुर्ल्याचा मुलगा त्याला डोंगरांच्या बेचक्यातच नेऊन बसवतो. गावची नदी उन्हाळ्याआधीच आटलेली असते. कागदावर ती बारमाही वाहते.

त्या डोंगरांचे तर नवलच आहे. सह्याद्रीच्या डोंगराला असा टोकदार त्रिकोणी माथा सहसा नसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. म्हणून त्याचा माथा सपाट, कडा तुटलेला आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचा. या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात आणि त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. म्हणजे डोंगराचे नावच त्याचा आकार सांगते. नाशिकच्या, साताऱ्याच्या किंवा जुन्नरच्या मुलाला शाळेत जाता-येता हा आकार दिसतो. दिसतो, पण त्याने तो पाहिलेला नसतो. हाती पेन्सिल आली की तो डोळ्यांना विचारत नाही. कोणीतरी आधी काढून ठेवलेल्या चित्राला विचारतो. ते चित्र त्याच्या बापाने काढले होते, बापाच्या मास्तरांनी काढले होते आणि बहुधा एखाद्या कॅलेंडरावर ते त्याही आधीपासून होते.

यात हसण्यासारखे आहे, तसे काळजी करण्यासारखेही आहे. कला आणि निसर्ग यांच्या नात्याबद्दल मराठीत पुष्कळ बोलले जाते. संमेलनांच्या भाषणांत, निबंधाच्या वह्यांत आणि दिवाळी अंकांच्या मुलाखतींत ‘निसर्गाच्या सान्निध्यात प्रतिभेला स्फुरण चढते’ असे वाक्य कोठे ना कोठे येतेच. या वाक्यात निसर्ग हे जणू एक शक्तिवर्धक औषध आहे. चार दिवस महाबळेश्वरला राहावे, धुके पाहावे, आणि परत येताना बरोबर चार कविता किंवा दोन जलरंगचित्रे आणावीत. प्रत्यक्षात ज्यांनी आयुष्यभर निसर्ग पाहून कला घडवली त्यांचा अनुभव याहून वेगळा, थोडा रूक्ष आणि पुष्कळच कष्टाचा आहे. निसर्गाने त्यांना जे दिले त्याला स्फूर्तीपेक्षा दुरुस्ती म्हणणे अधिक बरोबर होईल. मनात तयार असलेला त्रिकोणी डोंगर निसर्गाने खोडला आणि तेथे खरा डोंगर काढायला लावले. ही खोडाखोड एका बैठकीत होत नाही. त्यासाठी त्याच जागी, काही मिळवण्याची घाई न करता, पुन्हा पुन्हा जाऊन बसावे लागते.

याचे भारतीय कलेच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण उदाहरण म्हणजे बिनोदबिहारी मुखर्जी. १९०४ साली जन्मलेल्या या चित्रकाराला जन्मतःच दृष्टी अधू मिळाली होती. एक डोळा निकामी आणि दुसऱ्याला अतिशय जवळचे तेवढेच दिसे. शाळेच्या नेहमीच्या शिक्षणाचा मार्ग त्यामुळे बंद झालेला. असा हा मुलगा शांतिनिकेतनात आला आणि १९१९ साली तेथे कलाभवन सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत सामील झाला. धड दिसत नसलेल्या मुलाला चित्रकला कशी शिकवावी, असा प्रश्न नंदलाल बोस यांना पडला आणि त्यांनी तो रवींद्रनाथांपुढे ठेवला. मुलाचे मन कामात लागत असेल तर त्याला राहू द्यावे, फार विचार करू नये, अशा आशयाचे उत्तर रवींद्रनाथांनी दिले, अशी आठवण सांगितली जाते. सल्ला साधा होता. आजच्या प्रवेशपरीक्षांच्या काळात तो कितपत टिकला असता, हा प्रश्न वेगळा.

शांतिनिकेतनभोवतीचा बीरभूमचा परिसर पारंपरिक अर्थाने सुंदर नाही. तेथे हिमशिखरे नाहीत, घनदाट अरण्य नाही, मोठे तळे नाही. आहे ती तांबडी, खडेमिश्रित जमीन. पावसाच्या पाण्याने तिच्यात घळी पाडल्या आहेत. या उघड्याबोडक्या, चिरफाळलेल्या भूमीला तिकडे ‘खोआई’ म्हणतात. कोकणातील सड्यांवर जो जांभा दिसतो त्याच्याच जातीची ही माती. मधूनच ताडाचे एकटे झाड, दूर साल वृक्षांची रांग, एखादा संथाळ पाडा आणि कोपाई नावाची लहानशी नदी. चित्रकाराने चित्र काढावे असे त्यात काय आहे, हे प्रथमदर्शनी कळत नाही. बिनोदबिहारींना ते कळले, आणि ते कळायला वर्षे गेली. उन्हात, पावसानंतर, तिन्हीसांजेला ते या घळींतून एकटेच हिंडत आणि बसत. दूरचे स्पष्ट दिसत नसल्यामुळे तपशिलांची गर्दी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. जमिनीची लय, झाडाचा उभा फटकारा, मोकळ्या जागेचे वजन हे त्यांना दिसले. ज्यांचे डोळे चांगले असतात त्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

या पाहण्यातून त्यांनी लांबच लांब पट्टचित्रे रंगवली. त्यांपैकी १९२४ च्या सुमाराचे एक चित्र चाळीस फुटांहून अधिक लांब आणि जेमतेम वीतभर रुंद आहे. चीन आणि जपानमध्ये अशी गुंडाळी-चित्रे काढण्याची जुनी परंपरा होती. ती पुढे सरकवत सरकवत पाहायची असतात. म्हणजे एका जागी उभे राहून पाहायचा देखावा येथे संपतो आणि चालत चालत पाहायचा प्रदेश सुरू होतो. झाडी दाट होते, विरळ होते, ऋतू पालटतो, मग नुसती रिकामी जमीन येते. वीतभर रुंदीच्या पट्टीत एवढा अवकाश मावतो याचे कारण तो आधी पायांनी मोजलेला होता.

हे सारे नंदलाल बोस यांच्या शिकवण्याशी जोडलेले आहे. नंदलालबाबूंच्या शिक्षणात झाडांपुढे बसणे हा नित्याचा भाग होता. झाड काढण्यापूर्वी ते वेगवेगळ्या वेळी पाहावे, त्याचा स्वभाव ओळखावा, आणि मग पाठ फिरवून ते आठवणीने काढता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. ते स्वतः खिशात कोरी कार्डे बाळगीत आणि बैल, मेंढ्या, पाण्याला निघालेली बाई, वाकलेली फांदी, जे समोर येईल ते चार रेषांत टिपून घेत. अशी रेखाटलेली किती तरी कार्डे त्यांनी विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना टपालाने धाडली. मात्र केवळ निसर्ग पाहून चित्रकार होता येते असे त्यांनी कधी मानले नाही. जपानी विचारवंत ओकाकुरा यांच्यापासून त्यांनी एक सूत्र घेतले होते: निसर्ग, परंपरा आणि स्वतःचे असे काही, या तीन बाजू मिळून कलेचा त्रिकोण पुरा होतो. एक बाजू काढून घेतली की उरलेल्या दोन्ही कोसळतात.

परंपरेची बाजू नंदलालबाबूंनी महाराष्ट्रातच येऊन पक्की केली होती, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगितले पाहिजे. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर ते अजिंठ्याला आले आणि तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामात सहभागी झाले. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालाच्या आकाराच्या खोऱ्यात आहेत. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी काढायचे, हा वर्षावासाचा नियम अशा विहारांमागे होता. धो धो पाऊस, समोर कोसळणारे पाणी, हिरवा झालेला कडा आणि बाहेर जायला मज्जाव, अशा ठिकाणी माणूस पाहण्यावाचून दुसरे काय करणार? लेण्यांच्या छतांवर कमळे आहेत, आंबे आहेत, हत्ती आहेत, दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग आहे. आणि त्यांतील प्रत्येक हंसाची मान वेगळी वळलेली आहे. ज्यांनी ती रंगवली ते स्वतः भिक्षू होते की बाहेरून आलेले कारागीर, हा वाद अभ्यासकांनी करावा. ते हंसांजवळ पुष्कळ वेळ बसलेले होते, याबद्दल मात्र वाद होऊ नये.

बिनोदबिहारींकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्यांच्या कथेचा खरा भाग पुढेच आहे. १९४० साली त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर बीरभूमचा परिसर रंगवला. मध्यभागी तळे, आणि त्याच्या चारी बाजूंना झाडे, घरे, गुरे, कामात गुंतलेली माणसे. पाहणारा कोठेही उभा राहिला तरी गावात उभा असल्यासारखाच राहतो. १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र केले. या कामाची जगात ख्याती आहे ती अशासाठी, की पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर आधी न उतरवता त्यांनी ते ओल्या गिलाव्यावर थेट रंगवले. संतांच्या, यात्रेकरूंच्या, कारागिरांच्या आकृती नदीच्या पाण्यासारख्या एका भिंतीवरून दुसरीकडे वाहत जातात. अधू डोळ्यांच्या माणसाला भिंतीपासून दूर जाऊन सगळे चित्र एका नजरेत पाहणे शक्य नव्हते. ते चित्र त्याच्या मनात आणि हातात होते.

पुढे ते शांतिनिकेतन सोडून नेपाळमध्ये, राजस्थानात वनस्थलीला, मसुरीला राहिले. १९५७ साली डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि होती ती दृष्टीही गेली. वय वर्षे त्रेपन्न. चित्रकाराच्या बाबतीत येथे चरित्र संपते असे कोणीही म्हणेल. ते संपले नाही. दुसऱ्याच वर्षी ते कलाभवनात परतले, कलेचा इतिहास शिकवू लागले, आणि बोटांनी चाचपत कागद कापून, घड्या घालून, मेणाच्या लहान आकृती वळून, कागदावर अंदाजाने रेषा ओढून काम करीत राहिले. १९७२ साली त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे एक मोठे भित्तिचित्र उभे केले. त्याच वर्षी त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट काढला. त्यात हा वृद्ध कलावंत काळा चष्मा लावून बसलेला आहे आणि बोटे कागदावरून फिरत आहेत. पाहणाऱ्याला प्रथम करुणा वाटते, थोड्या वेळाने ती अनावश्यक वाटू लागते.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. आज ज्याला सर्व काही स्वच्छ दिसते अशा माणसाची दृष्टी उद्या गेली, तर त्याच्याजवळ काय शिल्लक राहील? शाळेच्या वाटेवरील पिंपळाची पालवी कोणत्या रंगाची असते, कावळा चालताना मान कशी हलवतो, वळिवाच्या आधी ढगाची कड कशी दिसते, यांपैकी किती गोष्टी त्याला बोटांनी कागदातून कापून दाखवता येतील? बिनोदबिहारींना दाखवता आल्या. सबंध तारुण्य त्यांनी जे पाहण्यात घालवले होते ते डोळ्यांबरोबर गेले नाही.

निसर्गाकडे पाहण्याला शिस्त लागते, ती केवळ भावुकतेने होत नाही, याचा दुसरा पुरावा अगदी वेगळ्या मुलखातून आणि शंभर वर्षे आधीच्या काळातून मिळतो. इंग्लंडमधील जॉन कॉन्स्टेबल हा १७७६ मध्ये सफक परगण्यात जन्मला. बापाच्या पिठाच्या गिरण्या होत्या आणि तरुणपणी काही काळ या मुलाने पवनचक्कीवर काम केले होते. पवनचक्कीवाल्याला आकाश पाहणे हा छंद नसतो, पोटाचा प्रश्न असतो. वारा कोणत्या दिशेने फिरणार, जोर धरणार की पडणार, हे वेळेवर कळले नाही तर नुकसान ठरलेले. आपल्याकडील शेतकरी मृगाच्या आधी ज्या नजरेने नैर्ऋत्येकडे पाहतो, तीच ही नजर. पुढे पत्नीच्या प्रकृतीसाठी कॉन्स्टेबल लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर राहायला गेला, आणि १८२१ व १८२२ या दोन वर्षांत त्याने तेथे केवळ ढगांची डझनावारी तैलरंगी अभ्यासचित्रे केली. खाली जमीन नाही, झाड नाही, घर नाही; नुसते ढग. ढग थांबत नाहीत, म्हणून चित्र थोड्या वेळात पुरे करावे लागे. त्यांपैकी कित्येक कागदांच्या मागे त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली आहे, एखाद्या वेधशाळेतील कारकुनाने नोंदवहीत टिपावी तशी.

हा नोंदवहीचा भाग फार महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडील कलाचर्चेत नेमका तोच गळतो. कारकुनी हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. परंतु रोज त्याच वेळी, त्याच जागी बसून जे आहे ते तसेच लिहून ठेवणे, हा गुण ज्याच्या अंगी आहे त्याला निसर्ग लवकर वश होतो. कॉन्स्टेबलच्या मोठ्या चित्रांतील आकाश पुढे इतके जिवंत झाले, की पाहणाऱ्याला हवेतील ओल जाणवावी. ती ओल या टिपणांतून आली आहे.

मराठीत या वृत्तीचे लेखक झाले नाहीत असे नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. त्या मुंबईच्या रहिवासी, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात तासन् तास बसणाऱ्या विदुषी. तरी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याचे आकाश, झाडे, पाखरे त्यांनी अशी टिपली, की महिन्यांची नावे केवळ पंचांगापुरती जाणणाऱ्या वाचकाला आपले वर्ष प्रथमच दिसले. या पुस्तकाने एक सबब कायमची काढून घेतली आहे, ती म्हणजे शहरात राहणाऱ्याला निसर्ग मिळत नाही ही.

व्यंकटेश माडगूळकरांनी नोकरीची सबबही ठेवली नाही. वर्षानुवर्षे ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर काम करीत होते. त्यातून वेळ काढून ते रानात जात, मुक्काम करीत आणि पाहत. नागझिऱ्याच्या जंगलातील मुक्कामावर त्यांनी एक सबंध पुस्तक लिहिले. त्यांच्या हातात पेन्सिलही होती आणि ती रेषा त्यांच्या गद्यात उतरली आहे: विशेषणे कमी, आकार स्पष्ट. १९८२ साली आलेल्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष आहे. साहित्य अकादमीने पुढच्या वर्षी या लहानशा कादंबरीला पुरस्कार दिला तेव्हा अनेकांनी तिच्यात माणसांचे राजकारण शोधले. शोधावे, पण माडगूळकरांनी आधी वानरेच पाहिली होती. टोळीतील नर, माद्या, पिले यांचे व्यवहार त्यांनी रूपक म्हणून वापरले नाहीत, म्हणूनच त्यांना रूपकाचे बळ आले.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रानात जाऊन बसणे, टेकडीवर ढग पाहणे, घळींतून हिंडणे हे सवड असणाऱ्यांचे काम. ज्याला दिवसभर राबायचे आहे त्याने काय करावे? या आक्षेपाला खानदेशातील एका शेतकरी स्त्रीने, तो कोणी विचारण्यापूर्वीच, उत्तर देऊन ठेवले आहे. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि पुढचे आयुष्य शेतात, जात्यावर, चुलीपुढे गेले. त्यांच्या ओव्या-कविता काम करता करताच जुळल्या; मुलाने आणि नात्यातील एकाने जेवढ्या टिपल्या तेवढ्या राहिल्या, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. सुगरणीच्या खोप्याकडे त्यांनी ज्या बारकाईने पाहिले आहे तेवढ्या बारकाईने पाहणारा पक्षिशास्त्रज्ञही विरळा. त्यांनी ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ जाण्यासाठी कधी सुटी काढली नव्हती. पेरणी, कापणी, मळणी यांत त्यांचे हात गुंतलेले होते, आणि हात गुंतलेले असताना मन मोकळे आणि डोळे जागे ठेवण्याची कला त्यांना साधली होती. म्हणजे सवड लागते हे खरे, पण ती घड्याळाचीच असते असे नाही.

मात्र बहिणाबाईंचा दाखला देऊन शाळांना आणि शासनाला मोकळे सोडणे, हा शुद्ध कांगावा होईल. बहिणाबाईंना शेत होते. आजच्या मुलाला काय आहे? सकाळी शिकवणी, मग शाळा, पुन्हा शिकवणी, आणि रात्री हातात मोबाइल. वेळापत्रकात चित्रकलेची तासिका असते. ती गणिताच्या राहिलेल्या धड्यासाठी किंवा कोणत्या तरी स्पर्धेच्या तयारीसाठी केव्हा उचलली जाईल याचा नेम नाही. अनेक शाळांत स्वतंत्र कलाशिक्षक नाही. जेथे आहे तेथे त्याच्यापुढे पन्नास-साठ मुले आणि अर्ध्या-पाऊण तासाची तासिका. तेवढ्यात मुलांना मैदानाच्या कडेच्या चिंचेखाली नेऊन बसवायचे म्हटले, तर रांग लावून जाण्यातच निम्मा वेळ खर्च होतो, आणि ‘मुले बाहेर का बसली आहेत?’ हा मुख्याध्यापकांचा प्रश्न अंगावर येतो तो वेगळाच. मग फळ्यावर दोन त्रिकोण काढून देणे सोपे जाते. त्या मास्तरांना दोष देण्यापूर्वी त्यांचे वेळापत्रक पाहावे.

प्रौढांची गत याहून बरी आहे असे नाही. साताऱ्याजवळचे कास पठार पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले, आणि फुलांच्या हंगामात तेथे एवढी गर्दी होऊ लागली की प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. ही गर्दी निसर्गप्रेमी आहे, यात शंका नाही. पण कासचे वैशिष्ट्य असे, की जांभ्याच्या कातळावरील मातीचा थर तेथे अगदी पातळ आहे आणि म्हणून तेथील पुष्कळ फुले नखाएवढी आहेत. ‘सीतेची आसवे’ हे निळे फूल पाहायचे तर गुडघे टेकून बसावे लागते. त्याच्या मुळाशी सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात हे कळायला आणखी थोडे वाकावे लागते. गर्दी बसत नाही. ती उभ्या उभ्या निळ्या-पिवळ्या गालिच्याचे छायाचित्र घेते, त्या गालिच्यापुढे स्वतःचे घेते, आणि पुढच्या वळणावर कणीस खायला जाते. छायाचित्राला क्षणाचा शंभरावा भाग पुरतो. पेन्सिलीने तेच फूल काढायचे तर निदान अर्धा तास त्याच्यासमोर काढावा लागतो, आणि त्या अर्ध्या तासात फूल बदलते, ऊन बदलते, काढणाराही थोडा बदलतो. रेखाटन वाईट आले तरी हा अर्धा तास वाया जात नाही. छायाचित्रणाविरुद्ध येथे तक्रार नाही. थोर छायाचित्रकारही एका फांदीसाठी दिवस दिवस थांबतात. तक्रार आहे ती न थांबण्याविरुद्ध.

खोआईदेखील आता पूर्वीची राहिलेली नाही. तिच्या मोठ्या भागावर सोनाझुरीची, म्हणजे आपल्याकडे जिला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात तिची, लागवड झाली आहे. तेथे हस्तकलेचा बाजार भरतो आणि कोलकात्याहून पर्यटक येतात. बिनोदबिहारींच्या चित्रांतील ती मोकळी तांबडी जमीन पाहायची तर आता चित्रांकडेच जावे लागते. आपल्याकडील सडे, माळ आणि देवराया यांचे चित्र कोणी काढून ठेवले आहे काय, हा प्रश्न या निमित्ताने विचारता येईल. शंभर वर्षांनी कोकणचा सडा कसा होता हे पाहू म्हणणाऱ्याच्या हाती उपग्रहाची चित्रे पुष्कळ लागतील. तेथे बसून कोणी पाहिले होते याची खूण त्यांत सापडणार नाही.

महाराष्ट्रात कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. इंटरमिजिएटमधील श्रेणीवर अलीकडे दहावीला वाढीव गुण मिळू लागल्याने या परीक्षांकडे पालकांचेही लक्ष गेले आहे. त्यांत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक विषय आहे. ज्याने कोणी हे नाव प्रथम योजले त्याला नंदलाल बोसांचा आग्रह नेमका कळला असला पाहिजे: आधी पाहा, मग पाठ फिरवा, मग काढा. व्यवहारात मात्र या विषयाची तयारी शिकवणीत होते. बाजार, बसथांबा, पाणवठा, शेतातील काम, असे ठरावीक प्रसंग. त्यांत पुढे दोन मोठ्या आकृती, मागे तीन लहान, डाव्या कोपऱ्यात झाड, उजवीकडे दुकान, असे ठरावीक साचे. मूल ते पाठ करते आणि परीक्षेत उतरवते. स्मरण येथेही असते. फक्त ते बाजाराचे नसते, साच्याचे असते. याला पर्याय फार खर्चाचा नाही. वर्षाच्या आरंभी प्रत्येक मुलाने शाळेच्या आवारातील एक झाड निवडावे आणि आठवड्यातून एकदा, पाऊस असो वा ऊन, त्याच्यासमोर वही घेऊन बसावे. गुण देऊ नयेत. स्पर्धा ठेवू नये. मार्चमध्ये वही उघडली की त्यात निदान एक पानगळ आणि एक पालवी सापडेल. सगळी मुले चित्रकार होणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. काही जण पुढे बँकेत जातील, काही शिक्षक होतील, काही शेती करतील.

तूर्त परीक्षा होतात त्या वर्गात पंखा फिरत असतो, बाकांवर रंगांच्या बाटल्या असतात आणि फळ्यावर विषय लिहिलेला असतो. वर्गाच्या खिडकीबाहेर बहुधा एखादा कडुनिंब उभा असतो आणि त्याच्या फांदीवर कावळा बसलेला असतो. मुले खाली मान घालून पाठ केलेले झाड काढीत असतात. त्यातले एखादे मूल मान वर करून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहते, आणि पर्यवेक्षक त्याच्या बाकाजवळ येऊन उभे राहतात.